ज्ञानाची वर्गणी

वर्गणी हा शब्द आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सप्त्याची वर्गणी असते, जत्रेची असते, गणपतीची असते. घरटी ऐपतीप्रमाणे द्यायचे, कोणी किती दिले त्याची यादी देवळाच्या भिंतीवर लावायची, आणि पंगतीला मात्र पाच रुपये देणाऱ्याने व पाचशे देणाऱ्याने एकाच ओळीत बसायचे, अशी तिची रीत आहे. हाच शब्द आपण मासिकाला लावतो, त्रैमासिकाला लावतो, आणि कॉलेजच्या ग्रंथालयात येणाऱ्या संशोधनाच्या नियतकालिकांनाही लावतो. श्रोतेहो, एकच शब्द या दोन ठिकाणी कसा शोभला आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचा अर्थ पालटत पालटत कोठे जाऊन पोहोचला, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

हा विषय शहरातल्या प्राध्यापक मंडळींचा, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणून आधी आपल्या बीड जिल्ह्यातील धर्मापुरीला जाऊ. येथे चालुक्य शैलीचे केदारेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे पाहून माणूस थबकतो. गावाला भुईकोट किल्लाही आहे. शाळेची सहल तेथे जाते आणि एखादे चुणचुणीत पोर विचारते, "गुरुजी, हे कोणी बांधलं? आपल्याला कसं कळलं?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुरुजी एखाद्या पुस्तकातून देतील. पण दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. आपल्याला कसे कळले?

कळले ते असे. शेजारच्या अंबाजोगाईचेच उदाहरण घ्या. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या घराण्याचे तेराव्या शतकातील शिलालेख तेथे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या लोक ते पाहत होते, त्यांना शेंदूर लावत होते, पण वाचता कोणालाच येत नव्हते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. तेव्हा कोठे कोणता राजा, कोणता सेनापती, कोणते दान, हे जगाला कळले. शिलालेखाचा प्रवास बहुधा असाच होतो. दगडावर ओला कागद बसवून शाईचा ठसा घ्यावयाचा, तो अभ्यासकाने महिनोन्‌महिने वाचावयाचा, त्यावर लेख लिहावयाचा, आणि तो लेख एखाद्या संशोधन-पत्रिकेत छापावयाचा. दगड गावात राहतो, त्याचा अर्थ मात्र पत्रिकेत जाऊन बसतो. ती पत्रिका ज्या ग्रंथालयात येत नाही, तेथील शिक्षकाला आपल्याच गावचा दगड मुकाच राहतो. म्हणून पत्रिकेची वर्गणी किती, ती कोण भरतो आणि कोणाला परवडत नाही, हा प्रश्न धर्मापुरीच्या शाळेपर्यंत येऊन पोहोचतो.

अशा पत्रिकांचा जन्म १६६५ सालचा. त्या वर्षी जानेवारीत पॅरिसला आणि मार्चमध्ये लंडनला विद्वानांच्या कामाची वार्ता देणारी दोन नियतकालिके निघाली. लंडनचे काम रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी स्वतःच्या जबाबदारीवर चालवले. त्याआधी विद्वान एकमेकांना पत्रे लिहीत. पत्र एकाला जाते, छापील अंक शंभरांना जातो, एवढीच मूळ कल्पना. छपाईला आणि टपालाला पैसा लागतो, तो वाचणाऱ्यांनीच मिळून द्यावयाचा. म्हणजे ही आपल्या सप्त्याचीच वर्गणी झाली. लिहिणारे, वाचणारे आणि पैसे देणारे बहुतेक तेच लोक होते.

आपल्याकडे ही रीत मुंबईच्या वाटेने आली. १८०४ साली तेथे साहेब लोकांनी एक विद्वत्सभा स्थापन केली. तीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि आज मुंबईची एशियाटिक सोसायटी म्हणून टाऊन हॉलमध्ये नांदत आहे. सभासद वर्गणी देत आणि वाचनालय वापरीत. पण प्रारंभी तेथे एतद्देशीयांना सभासदच होता येत नसे. माणेकजी करसेटजी हे पहिले भारतीय सभासद १८४० साली झाले. वर्गणी ही नुसती पैशाची बाब कधीच नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. पैसे मोजण्याची तयारी असली तरी दार उघडेलच असे नव्हते. पुढच्याच वर्षी, १८४१ साली, सोसायटीची पत्रिका सुरू झाली, आणि काही वर्षांनी भाऊ दाजी लाड व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे आपले पंडित तीत लेख लिहू लागले. १८७२ साली जेम्स बर्जेस यांनी मुंबईतच 'इंडियन अँटिक्वरी' हे मासिक काढले. शिलालेख, ताम्रपट, नाणी यांवरील लेखांची ती मोठी खाण ठरली.

हे सारे इंग्रजीत. मराठीत असा उद्योग १८७८ साली उभा राहिला. काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी 'काव्येतिहास-संग्रह' हे मासिक सुरू केले आणि ते १८८८ पर्यंत चालले. जुन्या बखरी, जुनी पत्रे, जुन्या कवींची काव्ये त्यात क्रमाक्रमाने छापली जात. एक बखर एका अंकात मावत नसे, म्हणून अंकामागून अंक जपून ठेवावे लागत. वाचक वर्गणी देई तेव्हा तो नुसता ग्राहक नसे, महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने वाळवीच्या तोंडातून सोडविण्याच्या कामात त्याचा हातभार लागे.

याच भावनेतून पुढच्या संस्था निघाल्या. ७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाची इतिवृत्ते आणि पुढे त्रैमासिक यांतून हजारो कागद उजेडात आले. ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. रा. गो. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह त्या संस्थेला दिला. संस्थेने आपली पत्रिका काढली आणि ती देशोदेशीच्या संस्थांना पाठवून त्यांच्या पत्रिका बदल्यात घेण्यास सुरुवात केली. याला विनिमय म्हणतात. शेतकऱ्याला तो चटकन समजेल. तुमच्या शेतातले बियाणे मला, माझ्या शेतातले तुम्हांला, मध्ये पैसा नाही. पुण्याच्या या संस्थांच्या कपाटांत जी परदेशी नियतकालिके दिसतात, त्यांतली पुष्कळशी अशा देवघेवीतून आलेली आहेत. गरीब संस्थेलाही जगाचे ज्ञान मिळविण्याचा हा मानाचा मार्ग होता, कारण तिच्याजवळही देण्यासारखे काही होते.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. पुण्यामुंबईत हे चालले होते तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि तेथील उस्मानिया विद्यापीठाची माध्यम-भाषा उर्दू. मराठी वाचनालय काढणे हे सुद्धा परवानगीचे आणि संशयाचे काम होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. नव्या विद्यापीठाला इमारत बांधता येते, पुस्तके विकत घेता येतात. परंतु नियतकालिकांचे मागील पन्नास-साठ वर्षांचे अंक एका अंदाजपत्रकात आणता येत नाहीत. ज्याने दरवर्षी थोडे थोडे भरले, त्याच्याच कपाटात ते साचतात. आपण उशिरा सुरुवात केली, आणि दुर्दैवाने ती नेमकी अशा वेळी केली, की वर्गणीचा अर्थच पालटू लागला होता.

तो कसा पालटला हे थोडे फोडून सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञानाला सगळीकडे सरकारी पैसा मिळू लागला. संशोधक वाढले, लेख वाढले, आणि विद्वत्सभांच्या पत्रिका अपुऱ्या पडू लागल्या. ही संधी व्यापाऱ्यांनी हेरली. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी १९५१ साली इंग्लंडमध्ये पर्गमॉन प्रेस ही कंपनी हाती घेतली. १९५९ साली तिच्या पत्रिका चाळीसच्या घरात होत्या, सहा वर्षांत त्या दीडशे झाल्या. या धंद्याची खुबी पाहा. लेखक लेख लिहितो, त्याला मोबदला नाही. तो लेख बरोबर आहे की नाही हे दुसरे विद्वान तपासतात, त्यांनाही बहुधा मोबदला नाही. दोघांचाही पगार विद्यापीठ देते, म्हणजे बहुतेक ठिकाणी सरकार देते, म्हणजे तुम्हीआम्ही देतो. आणि तो लेख छापलेला अंक तेच विद्यापीठ पुन्हा विकत घेते.

बाजारात एका दुकानी ज्वारी महाग झाली तर आपण दुसऱ्या दुकानी जातो. येथे तसे करता येत नाही. एका पत्रिकेत छापलेला लेख दुसऱ्या पत्रिकेत मिळत नाही. शिवाय मागणी करणारा प्राध्यापक असतो आणि बिल भरणारे ग्रंथालय. ज्याला हवे आहे त्याला किंमत कळत नाही, आणि ज्याला किंमत कळते त्याला नाही म्हणता येत नाही. अशा ठिकाणी भाव चढले तर नवल काय? अमेरिकेतील मोठ्या संशोधन-ग्रंथालयांचा नियतकालिकांवरील खर्च १९८६ ते २००४ या काळात सुमारे पावणेचौपट झाला. २०१२ साली हार्वर्डसारख्या जगातल्या अत्यंत श्रीमंत विद्यापीठाच्या ग्रंथालय-समितीने आपल्या प्राध्यापकांना कळविले, की काही पत्रिकांची वर्षाची वर्गणी ४०,००० डॉलरपर्यंत गेली आहे आणि हा बोजा यापुढे झेपणारा नाही. हत्तीला जे ओझे झेपेना, ते शेळीच्या पाठीवर आपण ठेवीत होतो.

आपल्या ग्रंथालयांवर तर दुहेरी मार बसला. परदेशी पत्रिकेचा भाव वाढे तो वेगळा, आणि रुपया पडे तो वेगळा. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांचा होता तो एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. आता हिशेब मांडा. समजा एखाद्या कॉलेजने परदेशी नियतकालिकांसाठी ५,००० रुपये ठेवले आहेत आणि प्रत्येक पत्रिकेची वर्गणी १०० डॉलर आहे. ५ जूनला त्या पैशांत दहा पत्रिका ४,७६० रुपयांना येत होत्या. ६ जूनला सहा पत्रिकांनाच ४,५०० रुपये झाले आणि सातवी आवाक्याबाहेर गेली. छापणाऱ्याने भाव एका पैशाने वाढवला नव्हता, तरी चार पत्रिका कपाटातून गेल्या. जुलै १९९१ मध्ये रुपया पुन्हा उतरला, २१ रुपयांच्या आसपासचा डॉलर २६ च्या जवळ गेला, आणि पुन्हा त्याच याद्या, त्याच काटछाटी.

ग्रंथालयांना किती पैसा द्यावा याचा विचार आपल्याकडे झालाच नव्हता असे मात्र नाही. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान मंडळाने १९५७ साली एक समिती नेमली होती. दर विद्यार्थ्यामागे १५ रुपये आणि दर शिक्षकामागे २०० रुपये असे वर्षाचे प्रमाण तिने सुचविले. पुढे कोठारी आयोगाने विद्यापीठांसाठी हे प्रमाण २५ आणि ३०० रुपये असे धरले. म्हणजे ४०० विद्यार्थी आणि २० शिक्षक असतील, तर पहिल्या हिशेबाने वर्षाला १०,००० रुपये आणि दुसऱ्या हिशेबाने १६,००० रुपये होतात. दिल्लीला १९५२ साली इन्सडॉक ही संस्था निघाली. हव्या त्या लेखाची नक्कल ती शास्त्रज्ञांना मिळवून देत असे. म्हणजे सबंध पत्रिका परवडली नाही तरी एक लेख मिळावा, अशी सोय विचारपूर्वक केलेली होती.

परंतु कागदावरचे प्रमाण आणि कपाटातला अंक यांच्यामध्ये कारकुनी नावाची एक नदी आहे. लहान गावच्या ग्रंथपालाला ती रोज ओलांडावी लागते. नियतकालिकाचे वर्ष जानेवारीत सुरू होते, अनुदानाचे वर्ष एप्रिलमध्ये. वर्गणी आगाऊ भरावी लागते, आणि हिशेब-तपासनीस विचारतात, "माल मिळण्यापूर्वी पैसे दिलेच कसे?" चार अंकांपैकी एक टपालात गहाळ होतो, तो मागवायला पत्र लिहावे तर उत्तर येईपर्यंत तो अंक संपलेला. दरपत्रके मागवा म्हणतात, पण एकाच ठिकाणाहून निघणाऱ्या पत्रिकेची तीन दरपत्रके आणायची कोठून? अशा कटकटीत सापडलेला माणूस काय करतो? ज्या वर्गणीचा पाठपुरावा करणारा एजंट आहे ती चालू ठेवतो, आणि ज्या पत्रिकेला कोणी वाली नाही ती बंद करतो. वाली नसते ती बहुधा मराठी. शंभर-दोनशे रुपयांचे मराठी त्रैमासिक आधी बंद पडते, कारण ते बंद झाल्याची तक्रार कोणी करीत नाही.

आणि तरीही माफक किमतीच्या पत्रिकेने केवढे काम होते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. मुंबईत १९४९ साली सचिन चौधरी यांनी 'इकॉनॉमिक वीकली' काढले. १९६६ पासून ते 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नावाने निघू लागले. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील प्रबंध जानेवारी १९७१ मध्ये याच साप्ताहिकात आला. गरीब कोणाला म्हणावे, त्याला काम कसे द्यावे, या प्रश्नांवर देशभर वाद झाला. लगेच पुढे १९७२ चा दुष्काळ आला आणि आपले लोक खडी फोडायला गेले. त्या दिवसांत एखाद्या जिल्ह्याच्या गावच्या प्राध्यापकाला तो प्रबंध वाचता येत होता, कारण तो एका परवडणाऱ्या भारतीय साप्ताहिकात छापलेला होता. तोच हजार डॉलरच्या पत्रिकेत आला असता तर ज्यांच्याविषयी तो होता, त्यांच्या मुलखात तो कधी पोहोचला असता कोण जाणे.

पुढचा मोठा फेरपालट संगणकाने केला. साधारण १९९६ पासून परदेशी कंपन्या आपल्या पत्रिका एकेक न विकता गठ्ठ्याने विकू लागल्या. दोन वांगी हवी असली तरी अख्खी पाटी घ्या, असा हा सौदा. पाटीत काही चांगले असते, काही किडके असते, आणि दरवर्षी पाटीचा भाव वाढतो. याहून मोठी गोष्ट अशी, की छापील अंक घरात राहत नाही, पडद्यावर दिसतो. पूर्वी वर्गणी थांबली तरी आलेले अंक आपले असत. त्यांची बांधणी करून ग्रंथपाल ते कपाटात लावीत. आता अनेक करारांत वर्गणी थांबली की मागले-पुढले सारेच बंद होते. बीड जिल्ह्यातील माणसाला हे एका वाक्यात कळेल. स्वतःची विहीर आणि टँकरचे पाणी यांत जो फरक, तोच येथे आहे. टँकरने तहान भागते, हे खरेच. पण तो थांबला की हंडा रिकामा.

आपल्या देशाने या अडचणीवर जो उपाय काढला तो पुन्हा वर्गणीच्याच मूळ कल्पनेकडे जाणारा आहे. सर्वांनी मिळून एकदा घ्यावे. १९९१ साली पुण्याच्या आयुका या संस्थेच्या आश्रयाने इन्फ्लिबनेट नावाचा प्रकल्प सुरू झाला, १९९६ साली ती स्वतंत्र संस्था झाली, आणि आज ती गांधीनगरला आहे. तिच्यामार्फत विद्यापीठांसाठी एकत्र खरेदी सुरू झाली, आणि २०१० पासून 'एन-लिस्ट' या योजनेतून अल्प वार्षिक शुल्कात हजारो पत्रिका साध्या कॉलेजांनाही मिळू लागल्या. मग २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका, ६,३०० वर संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधक, असा तिचा पसारा. भागाकार केला तर वर्षाला माणशी सुमारे १,१०० रुपये पडतात.

हे काम लहान नाही. जी पत्रिका मोठ्या संस्थेपुरती होती ती एखाद्या तालुक्याच्या सरकारी कॉलेजातील मुलगी आज उघडू शकते. पण गावकीचा हिशेब आपण जसा तपासतो तसा हाही तपासावा. योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांसाठी व केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी मंजूर झाली. शाळेचा शिक्षक, गावचे सार्वजनिक वाचनालय, हौसेने इतिहास गोळा करणारा निवृत्त तलाठी, हे त्या पंगतीत नाहीत. करार तीन वर्षांचा आहे. पुढच्या वेळी समोरच्याने किती मागावे, हे आपण त्याच्यावर किती अवलंबून झालो त्यावर ठरेल. आणि यादी जगातल्या बड्या प्रकाशकांची आहे. मराठी त्रैमासिकाची वर्गणी त्यातून भरली जात नाही.

दुसरा एक मार्ग जगभर चालू आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट येथून काही विद्वानांनी असे आवाहन केले, की संशोधनाचे लेख इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य वाचता यावेत. ते पुष्कळ अंशी फळाला आले. मात्र व्यापार येथेही मागल्या दाराने शिरला. वाचणाऱ्याकडून पैसे मिळेनात तेव्हा काही ठिकाणी लिहिणाऱ्याकडून घेण्यास सुरुवात झाली. बढतीसाठी लेख हवेत, म्हणून आपल्याकडचे प्राध्यापक पैसे मोजून कोठेही लेख छापू लागले, आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या पत्रिकांचे पेव फुटले. वर्गणीची ही उलटी गंगा. तिच्या काठी बसलेल्या शिक्षक-बंधूंना एवढेच सांगणे, की ज्या पत्रिकेला वाचकच नको आहे, तिच्यात छापून येणे आणि गंगेत टाकणे सारखेच.

मग आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. 'इंडियन अँटिक्वरी', शिलालेखांसाठीची 'एपिग्राफिया इंडिका' यांचे जुने खंड इंटरनेटवर आज विनामूल्य वाचता येतात. भांडारकर संस्थेची आणि डेक्कन कॉलेजची पत्रिका जेस्टोर या अमेरिकेतील संग्रहात आहे, आणि तेथे नुसते नाव नोंदवून काही लेख पडद्यावर फुकट वाचण्याची सोय आहे. पुण्याचे लेख अमेरिकेच्या वाटेने धर्मापुरीला यावेत याची गंमत वाटते, थोडे वाईटही वाटते, पण येतात हे महत्त्वाचे. कॉलेजच्या ग्रंथपालाला शिक्षकाने भेटावे. हवा तो लेख नेमक्या नावानिशी मागावा. मागणी नोंदवलेली असली, की काटछाटीच्या दिवशी ग्रंथपालाला बोलायला आधार मिळतो.

आणि मराठी नियतकालिकाची वर्गणी शाळेने, वाचनालयाने, जमल्यास दोन-तीन शिक्षकांनी मिळून भरावी. येथे एक खबरदारी सांगतो. आजीव वर्गणी एकदा भरली की आपण निर्धास्त होतो, पण त्रैमासिक चालवणारा मात्र त्या एकदाच मिळालेल्या पैशांत वीस-वीस वर्षे कागद आणि टपाल भागवीत बसतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी दरवर्षी द्यावे. अंक आला नाही तर पोस्टकार्ड टाकावे. आले तेवढे अंक क्रमाने लावून त्यांची बांधणी करावी. बांधलेला खंड ही आपली विहीर आहे.

शेवटी एक लहानसे काम सुचवितो. प्रत्येक शाळेत आपल्या गावाची एक फाइल असावी. गावच्या मंदिराविषयी, किल्ल्याविषयी, नदीविषयी, दुष्काळाविषयी, ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांविषयी जे काही कोठे छापून आले असेल, त्याची नक्कल तीत लावावी. वरच्या कोपऱ्यात पत्रिकेचे नाव, वर्ष, अंक आणि पान लिहावे. एका वर्षात पाच कागद जमले तरी पुरे. सहलीहून परतलेल्या मुलाने विचारले, "गुरुजी, आपल्याला कसं कळलं?" तर ती फाइल कपाटातून काढून त्याच्या हाती द्यावी.